पत्ता टाकला की साइट उघडते, गूगलवर शोधली तर नाही. कुठे अडलंय?

रावपुऱ्याची_मामी (बडोदे)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते. थोडक्यात विचारलं की तुम्हीच म्हणता, आधी सगळं नीट सांगा.

माझ्या सासऱ्यांचा रावपुऱ्यात छापखाना होता. दोन ट्रेडल (छपाईची जुनी यंत्रं), चार कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, आणि लग्नसराईत पाचवी मी. सासऱ्यांना एक खोड होती. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत वहीत चिकटवायची आणि खाली पेन्सिलीनं लिहायचं: कागद कुठला, प्रती किती, उधारी राहिली की नाही. 1951 ते 1986 अशा 612 पत्रिका माझ्याकडे आहेत. लग्नाच्या, मुंजीच्या, थोड्या वास्तुशांतीच्या. बऱ्याच द्विभाषिक, एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला गुजराती. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकलंय, पण 'शरीरसंबंध योजिला आहे' माझ्या वह्यांत 1968 नंतर एकदाही नाही. त्याच्या जागी 'शुभविवाह' आला. पन्नासच्या दशकातल्या एका पत्रिकेवर मराठीकडे शके 1876 आणि गुजरातीकडे संवत 2010 आहे, लग्न एकच. अशा गमती कुणाला तरी बघायला मिळाव्यात म्हणून साइट.

दोन दिवाळ्यांपूर्वी माझ्या भाच्यानं (नणंदेचा मुलगा, पुण्यात असतो) ती वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) करून दिली. स्कॅनिंग मी केलं, 600 डीपीआयवर, म्हणजे अगदी बारीक तपशिलात, एकेक चित्र साधारण 5 एमबी. मजकूर मी टाइप केला. नव्वदीत आम्ही ट्रेडल विकून डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या जुळणीवर, आलो तेव्हापासून मी श्रीलिपीत (मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर) टाइप करते, हात बसलाय. तो मजकूर साइटवर सुंदर दिसतो.

आता अडचणी. पत्ता टाकला की साइट उघडते. गूगलवर साइटचं नाव अगदी अक्षरशः टाकलं तरी येत नाही. दोन वर्षं झाली हो! नात म्हणते, आजी, तुझी साइट फक्त तुलाच दिसते.

दुसरं, पैसे. साइट ठेवायची जागा (होस्टिंग) घेतली तेव्हा महिना 149 रुपये, तीन वर्षांचे एकदम भरायचे, जीएसटी धरून 6,330 झाले. पुढच्या वर्षी मुदत संपते, तर आत्तापासूनच मेल यायला लागलेत. नवा दर महिना 449. म्हणजे 19 हजारांच्या वर. कंपनीचं नाव लिहीत नाही. चॅटवर विचारलं तर एक मुलगी 'आय अंडरस्टँड युवर कन्सर्न' एवढंच चार वेळा म्हणाली.

तिसरं, साइट फार सावकाश उघडते. माझ्या मोबाइलवर एक पान येईस्तोवर चहाला आधण येतं.

भाच्याला विचारलं असतं, पण त्याला नुकती जुळी झालीत.

डिजिटल_झेप

ताई, तुमच्या साइटचं एसइओ, म्हणजे शोधात वर आणायचं काम, झालेलं नाही. फक्त 5 हजारांत पहिल्या पानावर आणून देऊ, 100 टक्के खात्री. मेसेज करा.

नाशिकचा_सर्व्हरवाला

मामी, वरच्याला एक पैसा देऊ नका. पहिल्या पानाची खात्री खुद्द गूगलसुद्धा कुणाला देत नाही. आणि साइटचं स्वतःचं नावही येत नसेल तर प्रश्न क्रमांकाचा नाही, तुमची साइट त्यांच्या नोंदवहीतच नाही.

आधी खात्री करून घ्या. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता तुमचा पत्ता टाका. काहीच आलं नाही तर नोंद नाही असं धरून चाला. मग कॉम्प्युटरवर साइटचं मुखपान उघडा, उजवं बटण दाबून 'व्ह्यू पेज सोर्स' घ्या, कंट्रोल-एफ दाबून 'नोइंडेक्स' शोधा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. सापडलं तर चोर घरातलाच.

माझा संशय सांगतो. वर्डप्रेसच्या आत सेटिंग्ज, त्यात रीडिंग असं पान असतं. तळाशी एक छोटी चौकट आहे, शोधयंत्रांनी या साइटची नोंद करू नये अशा अर्थाची. साइट बांधताना लोक तिथं टिक करतात, म्हणजे अर्धवट काम बाहेर दिसत नाही. आणि मग विसरतात. मी स्वतः एका शाळेच्या साइटवर विसरलो होतो, सात महिने. मुख्याध्यापिका भेटल्या की मी रस्ता बदलायचो.

ती टिक असली की वर्डप्रेस प्रत्येक पानात 'नोंद नको' असं लिहून देतं आणि साइटमॅपही बंद ठेवतं. साइटमॅप म्हणजे पानांची यादी. 2020 पासून वर्डप्रेस ती आपली आपणच बनवतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

एक सावधगिरी. काही जण तुम्हाला 'रोबॉट्स' नावाच्या फाइलीत फेरफार करायला सांगतील. तिला हात लावू नका. ती फाइल फक्त 'इकडे येऊ नका' एवढंच सांगते. तिथं अडवलं तर गूगलला पान वाचताच येत नाही, मग पानात काय लिहिलंय, नोंद हवी की नको, हे त्याला कळणार तरी कसं?

रावपुऱ्याची_मामी (बडोदे)

नोइंडेक्स सापडलं. प्रत्येक पानावर. आणि त्या चौकटीत टिक केलेली होती.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, काम चालू होतं ना तेव्हा, म्हणून ठेवली होती." मी म्हटलं, अरे, काम संपलं त्याला दोन दिवाळ्या झाल्या. पलीकडून दोन्ही जुळी एकदम रडायला लागली, तेव्हा पुढचं बोलता आलं नाही.

टिक काढली आहे. आता किती दिवस थांबायचं? आणि त्या झेपवाल्यानं मला खाजगीत तीन मेसेज पाठवलेत. शेवटच्यात दर 3 हजारांवर आला. आमच्या मंगळबाजारातसुद्धा इतक्या लवकर उतरत नाहीत.

नाशिकचा_सर्व्हरवाला

नुसतं थांबू नका. गूगलची सर्च कन्सोल नावाची फुकट सोय आहे. तिथे साइट तुमची आहे हे सिद्ध करायचं. ते एक फाइल देतात, ती साइटवर चढवली की झालं. मग साइटमॅपचा पत्ता द्यायचा. मुखपान आणि दोनचार महत्त्वाची पानं 'नोंद करा' म्हणून स्वतः पाठवता येतात. काही दिवस ते काही आठवडे लागतात. रोज तपासू नका, रक्तदाब वाढतो.

अक्षरखूळ (ठाणे)

मामी, टिक निघाली हे उत्तम, पण तुमचा खरा आजार पुढे आहे असं मला वाटतं. 'श्रीलिपीत टाइप केलं' या तीन शब्दांवर मी अडकलो.

एक करा. साइटवरची तुमचीच एक ओळ निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नातीला पाठवा. मराठी पोचलं तर माझं म्हणणं सोडून द्या. पण डॉलर, कंस आणि सुटी इंग्रजी अक्षरं पोचली, तर गूगलला तुमच्या 612 पत्रिकांत मराठीचं एक अक्षरही दिसत नाहीये. नोंद होईल, पण त्या कचऱ्याची.

तुम्ही खिळे जुळवलेत म्हणून तुम्हाला हे चटकन कळेल. जुन्या डीटीपी फॉन्टांमध्ये 'क' हा 'क' नसतोच. इंग्रजीच्या कुठल्यातरी घरात क-च्या आकाराचा खिळा ठेवलेला असतो. केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, इंग्रजी, खिळे मराठी. तुमच्या भाच्यानं फॉन्टची फाइल साइटवर चढवली असणार, म्हणून डोळ्याला मराठी दिसतं. गूगलला डोळे नाहीत, तो घराचा नंबर वाचतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले नंबर देणाऱ्या पद्धतीत, मात्र 'क'ला स्वतःचं घर आहे, थेट 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून. पण विंडोजवर ते चालायला 2000 साल उजाडलं आणि तोवर आपल्याकडच्या सगळ्या छापखान्यांचे हात दुसरीकडे बसले होते. त्यामुळे दोष तुमचा नाही.

श्रीलिपीतून युनिकोडमध्ये बदलून देणारे फुकट परिवर्तक नेटवर मिळतात. नव्वद टक्के काम होतं, उरलेल्या दहाला माणूसच लागतो, आणि तुमच्यासारखी प्रूफं वाचलेली बाई असेल तर काय पाहिजे. कुठे बघायचं ते सांगतो. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात साठवताना अक्षरानंतर, तर जोडाक्षरापाशी ती भरकटते. मग रफार, तोही आधी-नंतरच्या घोळात सापडतो. आणि अर्धा र. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यात फरक आहे, आणि लग्नाच्या घरात दोघेही असतात.

आता चित्रं. स्कॅन केलेली पत्रिका म्हणजे फोटो. त्यातली अक्षरं शोधात येतील या भरवशावर राहू नका. प्रत्येक पत्रिकेचा मजकूर चित्राखाली टाइप केलेला हवा. जुन्या पत्रिका हातानं उतरवायचा कंटाळा आला तर चित्र गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा, त्यातली मराठी अक्षरं तो उचलून देतो. छापील मजकूर बराच नीट येतो. वेलबुट्टीतला मात्र देवाच्या भरवशावर.

शेवटचं, शब्द. तुम्ही 'बडोदे' लिहिता. शोधणारा 'वडोदरा' टाकतो नाहीतर 'बडोदा'. गुजराती शेजारी 'कंकोतरी' (त्यांची लग्नपत्रिका) टाकेल. तरुण पोरं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकतात. आणि शके 1876 टाकून शोधणारा माणूस आता या पृथ्वीवर नाही, शेजारी 1954 लिहा. हे सगळे शब्द एका ओळीत कोंबू नका, ते वाईट दिसतं आणि गूगललाही चालत नाही. वाक्यांत सहज येऊ देत. कीवर्ड नावाचा एक जुना रकाना असतो, तो भरू नका. गूगल तो बघत नाही, हे त्यांनी 2009 लाच जाहीर केलंय.

लष्करचा_बाळू (ग्वाल्हेर)

मामी, अक्षरखूळांनी मोठं काम दिलंय, मी पैशाचं बोलतो. मी स्टेट बँकेतून निवृत्त झालो, हिशेबाची खोड आहे.

आधी दोन वेगळ्या वस्तू वेगळ्या करा. साइटचं नाव (डोमेन) वेगळं, जागा वेगळी. घराचा पत्ता आणि घरभाडं. तुम्ही दोन्ही एकाच दुकानातून घेतलंय असं दिसतं, म्हणून त्यांना तुमचं नाक दाबता येतं. नावाचं वर्षाचं भाडं जागेच्या मानाने थोडं असतं. नाव कुणाच्या नावावर आहे ते आजच्या आज बघा. नोंदणीत ईमेल तुमचा आहे की भाच्याचा? मेल भाच्याकडे जात असेल आणि तो जुळ्यांत गुंतलेला असेल, तर एक दिवस नाव सुटेल. डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावर बहुतेक दुकानं महिनाभर सांभाळून घेतात, पुढे 30 दिवस सोडवून घ्यायचे, तिथे दंड जबर, आणि त्यानंतर 5 दिवसांनी नाव बाजारात. आमच्या मंडळाचं असंच गेलं. आता तिथे कुणीतरी जुगाराची जाहिरात लावलीय, आणि गणपतीच्या पावतीपुस्तकावर अजून तोच पत्ता छापलेला.

दुसरीकडे हलवायचं तर सध्याच्या दुकानाकडून एक संकेत मागायचा असतो, ऑथ कोड म्हणतात. तो द्यावाच लागतो त्यांना. फक्त एकदा हलवलं की पुढचे 60 दिवस पुन्हा हलवता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

जागेचं गणित: 612 चित्रं गुणिले 5 एमबी, म्हणजे 3 जीबी. तुमचा चहा उकळतो तो यामुळे. वाचणाऱ्याला 600 डीपीआय कशाला? ते छपाईला. रुंदी 1400 पिक्सेल ठेवा, चित्र 250 केबीच्या आसपास बसेल. सगळी मिळून दीडशे एमबी. मग तुम्हाला 449 ची जागा लागतच नाही. तुमच्या साइटवर दुकान नाही, लॉगिन नाही, पत्रिका काही रोज बदलत नाहीत. वर्डप्रेसच्या ऐवजी साधी एचटीएमएल पानं केली तर गिटहब नावाच्या सेवेच्या पेजेसवर फुकट राहतात, तिथे साइटला 1 जीबीची मर्यादा आहे. ते किचकट वाटलं तर ब्लॉगरवर (गूगलची ब्लॉगची सोय) टाका आणि आपलं नाव जोडा, तेही फुकट. मूळ मोठे स्कॅन दोन वेगळ्या डिस्कांवर, एक डिस्क दुसऱ्या घरात.

देवनागरी पत्ता घ्यावा का असंही मनात येईल. डॉट भारत 2014 पासून मिळतं. मी घेतलं होतं, हौसेनं. पण तो पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की 'एक्सएन' पासून सुरू होणारी इंग्रजी अगम्य माळ दिसते आणि लोक व्हायरस समजून उघडत नाहीत. दुसरा पत्ता म्हणून ठेवा, पहिला म्हणून नको.

आणि एक, विचारलं नाहीत तरी. 1980 नंतरच्या पत्रिकांवर घरचे पत्ते असतील, कदाचित फोनही. ती नवरानवरी आज साठीच्या आसपास, त्याच घरात असतील. ते झाका.

अक्षरखूळ (ठाणे)

बाळूकाकांशी बाकी सगळं मान्य, शेवटचं अर्धंच. पत्ते झाकले तर कोणत्या पोळात (गुजरातेतली जुनी गल्ली-वस्ती), कोणत्या वाड्यात लग्न झालं हा अर्धा इतिहास जाईल.

लष्करचा_बाळू (ग्वाल्हेर)

वाडा राहू द्या, घर नंबर झाका. यात काय एवढं.

रावपुऱ्याची_मामी (बडोदे)

सहा आठवड्यांनी येते आहे, कारण मधे खरंच काम केलं.

व्हॉट्सअ‍ॅपची परीक्षा त्याच रात्री घेतली. नातीला ओळ पाठवली, तिचं उत्तर आलं, "आजी, तू ठीक आहेस ना?" म्हणजे अक्षरखूळ बरोबर. बेचाळीस वर्षं मराठी जुळवलं आणि शेवटी यंत्रासाठी कचराच लिहीत होते. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी परिवर्तक उघडून बसले.

आतापर्यंत 340 पत्रिका झाल्या. परिवर्तकानं एका वराला 'चिरंजीव'चा 'चरिंजीव' केला आणि 'मुहूर्ता'वरचा रफार सगळीकडे एक अक्षर आधी टेकवला. सासरे असते तर कंपोझिटरचा दिवसाचा पगार कापला असता. मी एका दिवसात पंधरा तपासते, त्याच्या पुढे डोळे चालत नाहीत. 'आचाऱ्यांना' माझ्याकडे एकदाच आहे, एका मुंजीच्या पत्रिकेमागे सासऱ्यांच्या पेन्सिलीत: 'आचाऱ्यांना 25 प्रती जास्त.' का ते कळत नाही.

नाव भाच्याच्या मित्राच्या ईमेलवर होतं! तो मित्र आता कॅनडात. चार दिवस लागले, पण आता माझ्या नावावर आहे. ऑथ कोड मागितला तशी त्या चॅटवाल्या मुलीला अचानक 40 टक्के सवलत सापडली. मी म्हटलं, आय अंडरस्टँड युवर कन्सर्न.

गिटहब मला झेपलं नाही, ब्लॉगरवर आणलं. चित्रं बारीक केली, पान आता टिचकीसरशी येतं. घर नंबर आणि फोन 1975 नंतरच्या पत्रिकांवर झाकले, वाडा आणि पोळ ठेवली. दोघांनाही अर्धं अर्धं मिळालं.

आणि गूगल. तिसऱ्या आठवड्यात साइटच्या नावानं साइट आली. सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाकून आपल्यापर्यंत आले ते दिसतं, तर मी उत्सुकतेनं उघडलं. वाटलं होतं कुणीतरी दांडिया बाजारातलं लग्न शोधत असेल, निदान शके-संवताची गंमत. तसलं काही नाही. सगळ्यात वर 'मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर'. खाली 'लग्नपत्रिका मजकूर मराठी'. त्याच्या खाली 'आहेर आणू नये ऐवजी काय लिहावे'. लोकांना आपल्या घरची पत्रिका छापायची आहे आणि ती लिहायची कशी ते माहीत नाही. मी बसले होते इतिहास मांडून, आणि दारात गिऱ्हाईक उभं.

दोन दिवस रुसले. मग एक नवं पान केलं, सासऱ्यांच्या वहीतले अकरा मजकूर जसेच्या तसे, नावं काढून. आहेराच्या ओळीचे पाच प्रकार वेगळे दिलेत, त्यातला एक 1979 चा इतका तुसडा आहे की त्या गिऱ्हाइकाकडे जेवायलाही कुणी गेलं नसेल. कुणाकडे मुंज असेल तर खुशाल उचला, फक्त छापायच्या आधी रफार तपासा.